हातोडा पडण्याआधी

सागवनात कापणीचा हंगाम दिवाळीनंतर उघडतो, पण झाडाचा निकाल त्याच्या बराच आधी लागलेला असतो. कूप, म्हणजे कापणीसाठी ठरलेला जंगलाचा तुकडा, आखून झाला की आदल्या वर्षीच वनरक्षक, दोन-चार मजूर, एक टेप, एक नोंदवही आणि एक लोखंडी हातोडा अशी टोळी जंगलाच्या त्या कक्षात शिरते. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर, घेर मोजतात. उतारावरचं झाड वरच्या अंगानं मोजायचं असतं. खालच्या अंगानं मोजलं तर टेप बुंध्याकडे सरकतो आणि घेर फुगतो. मग कापायच्या झाडाची साल तासून हातोड्याचा ठसा दोन जागी उमटवतात. एक छातीपाशी आणि दुसरा अगदी बुडाशी, जिथं कुऱ्हाड किंवा आरा लागणार त्याच्याही खाली. वरचा ठसा लाकडाबरोबर लाकूड विकायच्या आगारात जातो, खालचा खुंटावर राहतो. पुढे कुणी तपासणीला आला, तर खुंट आपली साक्ष देतो.

जंगल तोडायचं की राखायचं, असा वाद नागपूर-चंद्रपूरकडे कायम चालू असतो. मंत्रालयात, न्यायालयात आणि पानटपरीवरही. खरं तर आलापल्लीच्या किंवा मेळघाटच्या एखाद्या कक्षाचं पुढचं वीस वर्षांचं भवितव्य या टोळीच्या चार-सहा दिवसांच्या चालण्यातच ठरून जातं. जुलैत खड्डे खोदून रोपं लावतात, पाहुणे येतात, फोटो निघतात. पण हातोडा चुकीच्या झाडावर पडला असेल, तर ते झाड हजार खड्डे खोदूनही परत येत नाही.

विदर्भातल्या कार्य आयोजनांमध्ये, म्हणजे वनखात्याच्या कापणी-लागवडीच्या आराखड्यांमध्ये, मिश्र सागवनासाठी नेहमीची पद्धत आहे ती निवड आणि सुधार कटाईची. कूप कापायला घेण्याआधी त्याचे चार तुकडे नकाशावर पाडतात. पहिल्यात तीव्र उतार, धुपलेली जमीन आणि नाल्याच्या दोन्ही काठांची साधारण 20 मीटरची पट्टी येते. तिथं कापायचं नाही. दुसऱ्यात जिथं छत्राची घनता (शेंड्यांनी झाकलेल्या जागेचं प्रमाण) 0.4 पेक्षा कमी, अशी विरळ जागा. तिथं लागवड किंवा संरक्षण. तिसऱ्यात जुनी रोपवनं आणि बल्लीच्या (वाशाएवढ्या खोडाच्या) वयाचा कोवळा माल. तिथं फक्त विरळणी. उरलेल्या चौथ्या तुकड्यात, भरलेल्या जंगलात, खरी निवड करायची. ठरावीक घेराच्या वरचं झाड, सागासाठी साधारण 120 सेंमी, जमिनीच्या प्रतीप्रमाणे कमी-जास्त, आणि तेही सगळं नाही, त्यातला ठरलेला हिस्साच. मोहा, चार, तेंदू, आवळा, हिरडा, बेहडा यांना हात लावायचा नाही. कागदावर ही पद्धत शहाणी आहे. उत्पादन आणि राखण एकाच कूपात, एकाच नकाशावर बसवायचा तो प्रयत्न आहे.

गडबड होते ती ‘सुधार’ या शब्दात. सुधार कटाई म्हणजे वाळलेलं, रोगट, वाकडं, पोकळ झाड आधी काढायचं, म्हणजे सरळ झाडाला उजेड आणि जागा मिळेल. लाकडाच्या हिशेबानं हे बरोबरच आहे. पण जंगलाला ज्या झाडाची सगळ्यात जास्त गरज, तेच नेमकं हे झाड. सुतारपक्षी टोच्या मारायला कुजू लागलेलंच लाकूड शोधतो. त्यानं कोरलेल्या ढोलीत पुढे पोपट येतो, पिंगळा येतो. मोठ्या नैसर्गिक ढोलीत धनेश मादी स्वतःला लिंपून घेते आणि आठवडेच्या आठवडे आत बसते. मेळघाटच्या सागवनातला रानपिंगळा शंभराहून अधिक वर्षं नाहीसा मानला गेला होता आणि 1997 साली महाराष्ट्रातच सातपुड्यात पुन्हा सापडला. त्यालाही अंडी घालायला झाडाची ढोलीच लागते. आणि ढोली लागवडीतून मिळत नाही. साठ-सत्तर वर्षांचं झाड, मोडलेली फांदी, आत उतरलेलं पाणी, बुरशी, मग पक्षी, असा तिचा सावकाश कारखाना आहे.

गंमत अशी की पोकळ येनाला किंवा मोवईला आगारात भाव जळाऊ लाकडाचाच. पाडायचं, तुकडे करायचे, बिटं (जळाऊ लाकडाच्या चळती) रचायची, बंडीनं किंवा ट्रॅक्टरनं ओढायची, ही मजुरी वजा केली तर पुष्कळदा हाती फारसं उरत नाही. म्हणजे ज्या झाडावर जंगल आणि बाजार यांचं भांडण आहे असं वाटतं, तिथं खरं भांडणच नाही. हेक्टरी चार-पाच ढोलीची, जाड, उभी वाळलेली झाडं हातोडा न मारता सोडली, तर तिजोरीला ते कळणारही नाही. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं बुंध्यावर ठोकून पाहिलं की आवाजच सांगतो. भरीव खोड टणक बोलतं, पोकळ खोड ढोलासारखं. हीच परीक्षा आजवर ‘काढायचं’ म्हणून झाली, तीच ‘राखायचं’ म्हणून करता येते. फक्त वहीत त्यासाठी एक पान हवं. राखीव झाडं ठेवून फुटव्यावर जंगल वाढवायच्या पद्धतीत राखायच्या झाडांवर खूण करायची रीत आहे. निवड पद्धतीच्या कूपातही ती रीत आणायला कुणाची हरकत नसावी. बुंध्याला चुन्याचा पट्टा, वहीत क्रमांक, जात, घेर, ढोली किती उंचीवर. एवढं पुरे.

खरं भांडण आहे ते जाड, सरळ, निरोगी सागावर. सी. पी. टीक, म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा साग, म्हणून ज्या लाकडाचं नाव ब्रिटिश काळापासून देशभर झालं, ते हेच. 2023 साली अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून साग गेला, तेव्हा त्याची मिरवणूक निघाली. अशा झाडांचा नमुना पाहायचा तर आलापल्लीजवळ सुमारे सहा हेक्टरांचा एक तुकडा 1953 पासून न कापता राखलेला आहे. त्याला 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. सहा हेक्टर म्हणजे पंधरा एकर, एका बऱ्या शेतकऱ्याची जमीन. जुनं जंगल कसं दिसायचं ते दाखवायला पुरेल, पण बियाणं पुरवायला ते पुरणार नाही. प्रत्येक कूपात सगळ्यात देखणे काही साग बीजवृक्ष म्हणून सोडायचे असतात, ते म्हणूनच. पैशाच्या मोहाला बळी पडून चांगलं कापलं आणि वाकडं सोडलं, तर पुढची पिढी वाकड्या बापाचीच निघणार.

विदर्भातला साग मात्र आता रोपवनांतही पुष्कळ उभा आहे, आणि उत्पादनाचा अन् पुनर्स्थापनेचा सगळ्यात सुंदर मेळ तिथंच बसू शकतो. वनविकास महामंडळ 1974 साली स्थापन झालं. त्या काळाची समजूत अशी की मिश्र जंगल ‘कमी किमतीचं’, ते साफ कापून तिथं साग लावला की देशाचं भलं. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, यवतमाळकडे अशी रोपवनं उभी राहिली. 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणानं चित्र पालटलं. जंगलापासून मिळणारा पैसा पर्यावरणाच्या समतोलाहून दुय्यम, असं तिथं स्वच्छ लिहिलं गेलं. 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्रानं मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय जंगलात कुऱ्हाड चालवता येईना. पण लावलेले साग तर उभेच होते, वाढतच होते. त्यांचं काय करायचं?

सागाची लागवड बहुधा दोन बाय दोन मीटरवर, म्हणजे हेक्टरी 2500. अंगठ्याएवढ्या जाडीचं एक वर्षाचं रोप उपटतात, वर खोडाचे दोन-तीन सेंटिमीटर आणि खाली मुळाची वीतभर लांबी ठेवून बाकी छाटतात. हा मुळाचा गड्डा पहिल्या चांगल्या पावसानंतर पहारीनं भोक पाडून उभा बसवतात आणि बाजूची माती टाचेनं दाबतात. माती सैल राहिली तर भोकात पाणी साचतं आणि गड्डा कुजतो. आधीच्या कोरड्या आठवड्यात घाई केली तर तो सुकतो. ऑगस्टवर ढकललं तर मुळं धरायच्या आत पाऊस सरतो.

इथवर सगळ्यांना येतं. पुढची पायरी चुकते. पाच-सहा वर्षांनी पहिली विरळणी यांत्रिक करायची. एकाआड एक तिरकी ओळ काढायची, 1250 उरतात. पुढे पाच-एक वर्षांनी दुसरी, एकाआड एक ओळ, 625 उरतात. त्यानंतर मात्र ओळ पाहायची नाही, झाड पाहायचं. दबलेलं, दुभंगलेलं, किडलेलं काढत जायचं. प्रत्यक्षात निधी येत नाही, वेळ जातो, दहा-बारा वर्षांच्या रोपवनात काठ्याच काठ्या उभ्या राहतात. सागाला उजेडाची भूक फार. दाटीत त्याचा शेंडा वर चवरीएवढा उरतो आणि खोड बोटानं वाढतं. मग कुणाला तरी जाग येते आणि एकदम अर्धी झाडं काढली जातात. तेव्हा उरलेली झाडं वाऱ्यानं वाकतात. खोडावर अचानक ऊन पडल्यानं जागोजाग फुटवे येतात, लाकडात गाठी पडतात, भाव उतरतो. आणि जमिनीवर पडलेला उजेड पहिल्यांदा कोण पकडतं? रायमुनिया, म्हणजे घाणेरी. उशिरा विरळणी आणि एकदम विरळणी, ही सागाची आणि जंगलाची एकाच वेळी केलेली हानी आहे. हे धोरणाचं नव्हे, वेळापत्रकाचं पाप.

वेळेवर केली तर हीच विरळणी रोपवनाचं जंगल करायचं अवजार ठरते. सागाच्या ओळींत बहुधा जुन्या मिश्र जंगलाची मुळं जिवंत असतातच. येन, बीजा, धावडा, तिवस, लेंडिया, मोहा, चार. पहिल्या तीन वर्षांत निंदणीच्या वेळी मजूर त्यांना गवताबरोबर कापतो, कारण त्याला सांगितलेलंच असतं, साग सोडून बाकी साफ. ते सांगणं बदलायला पैसा लागत नाही. निंदणीच्या आधी जाणत्या माणसानं पुढे चालत या रोपट्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायच्या. चिंधी दिसली की विळा थांबतो. पुढे विरळणीत जिथं बीजा किंवा येन डोकं काढतोय, तिथं त्याच्या शेजारचा साग काढायचा, ओळीचा हिशेब चुकला तरी. नाल्याकाठच्या पट्टीत लावलेला साग तर बाहेर ओढायच्या भानगडीतच पडू नये. बुंध्याभोवती सालीसकट पांढरं लाकूड वीतभर रुंद गोल तासलं, की तो उभ्या उभ्या वाळतो. नाल्याची कड तुटत नाही आणि सुतारपक्ष्याला खांब मिळतो.

यात सागाला दोष नाही, पण निव्वळ सागाखालच्या मातीचे हाल पाहण्यासारखे असतात. पान सुपाएवढं. पावसाचे बारीक थेंब पानावर गोळा होतात आणि मोठा टपोरा थेंब होऊन उंचावरून आदळतात. खाली झुडूप किंवा पाचोळा असेल तर तो मार झेलतो. उन्हाळ्यात पाचोळा जळून गेला असेल, तर माती उघडी पडते आणि मुळं वर येतात. रोपवनाचा खालचा मजला राखणं हे त्या सागाच्याच मुळांखालची जमीन राखणं आहे.

आगीबद्दल एक गोष्ट शहरी वाचकाला सहसा माहीत नसते. 15 फेब्रुवारी ते 15 जूनपर्यंतचा काळ आगीचा. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला कोवळी पानं यावीत म्हणूनही पेटवतात, आणि मग ती आग कुणाचं ऐकत नाही. त्या आगीत बीजा, येन, साग यांची कोवळी रोपं वरून जळून जातात, पण मूळ जगतं. पावसाळ्यात पुन्हा फुटतं, उन्हाळ्यात पुन्हा जळतं. असं वर्षानुवर्षं चालतं, आणि मूळ मात्र खाली मनगटाएवढं जाड होत जातं. वरून पाहणाऱ्याला ती उजाड जागा वाटते, तो तिथं खड्डे खोदायचा अंदाज काढतो. खरं म्हणजे तिथं तयार सैन्य झोपलेलं आहे. फेब्रुवारीच्या आत जाळरेषा (आग अडवणारी मोकळी पट्टी) साफ करायची, तीन-चार वर्षं आग आणि ढोरं बाहेर ठेवायची, वाकडे-जळके कोंब जमिनीलगत धारदार कोयत्यानं छाटायचे आणि प्रत्येक मुळावर एकच जोमदार कोंब ठेवायचा. एका पावसाळ्यात तो पुरुषभर उंच जातो, कारण त्याच्या मागे मुळात साठवलेली वर्षांची पुंजी असते. विकत आणलेल्या पिशवीतल्या रोपाला हे कुठून जमणार! म्हणून कुठेही सलग समतल चर खोदायच्या आधी ती जागा गुडघ्यावर बसून पाहावी. चराच्या फावड्याखाली अशी किती मुळं गेली, याचा हिशेब कुठल्याच मोजमाप पुस्तिकेत नसतो.

हीच पुंजी कापलेल्या झाडाच्या खुंटातही असते. म्हणून कापायची पद्धत महत्त्वाची. खुंट जमिनीपासून वीतभराच्या आत, वरचा काप उताराचा, म्हणजे पाणी साचून कुजणार नाही. साल चिरता कामा नये, कारण फुटवा सालीजवळूनच येतो. पडायच्या बाजूला आधी खाच, मग मागून आरा, मध्ये बिजागरीसारखी एक पट्टी ठेवायची. ती पट्टी आधीच तुटली तर खोड उभं चिरतं, लाकूडही जातं आणि खुंटही. मार्चअखेर कापणी संपवावी. एप्रिल-मेमध्ये झाड पालवीच्या तयारीत मुळातला साठा वर खेचून बसलेलं असतं, तेव्हा कापलं तर फुटवा रोडावतो. पावसाळ्यानंतर एका खुंटावर दहा-पंधरा फुटवे येतात. त्यातले खालून निघालेले एक-दोन ठेवून बाकी खुडायचे. खुंटाच्या माथ्यावरून फुटलेला फुटवा दिसायला जोरदार असतो, पण खुंट कुजला की वाऱ्यानं उखडून पडतो.

ओढणीत सगळ्यात जास्त नासाडी होते, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. पूर्वी गडचिरोलीत लाकूड ओढायला हत्ती होते. कमलापूरचे हत्ती त्याच कामाचा वारसा. आता ट्रॅक्टर. तो जवळची वाट धरतो, म्हणजे नाल्यातून किंवा सरळ उतारावरून खाली. चाकाची खोल चाकोरी पडते, जूनच्या पहिल्या सरीत ती पाट होते, तिसऱ्या वर्षी ओहळ. उपाय साधा आहे. ओढायच्या वाटा कापणीच्या आधीच आखायच्या, उताराला आडव्या, थोड्याच. काम संपलं की वाटेवर ठरावीक अंतरानं फांद्या-डहाळ्यांचे आडवे बांध घालायचे. डहाळ्या तिथंच पडलेल्या असतात. त्या जाळून टाकण्यापेक्षा हे काम बरं.

आगारात पोचल्यावर लाकडाचं गणित चौथाई घेराचं. मधल्या घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. चार मीटर लांब आणि 120 सेंमी घेराचा लठ्ठा 0.36 घनमीटर भरतो. खऱ्या गोल मापानं तो सुमारे 0.46 निघाला असता. सुमारे बावीस टक्क्यांची ही तूट साल आणि चिराईत जाणाऱ्या लाकडापोटी धरलेली. ही सूट व्यापाऱ्याला देताना कुणी खळखळ करत नाही. एवढीच उदारता कूपात चार पोकळ झाडं सोडताना दाखवली, तर किती बरं!

आणि गावाचं काय? 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू आहे, तेंदू आहे, मध, मेण, लाख आहे. लाकूड नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूचा वाहतूक परवाना गावाच्या हाती आला. तेव्हापासून बांबूची रांजी, म्हणजे बांबूचं बेट, ही गावाची पासबुक झाली. कोवळा बांबू कापायचा नाही, जुना आतून काढायचा, रांजीचा बाहेरचा कड धरून ठेवायचा, ही शिस्त तिथं दंडाच्या भीतीनं नव्हे, पुढच्या खेपेच्या आशेनं पाळली जाते. तेंदूचंही तसंच. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची गोणी, आणि खुटकटाई झालेल्या झुडपाला आग लावायची गरजच नाही, कारण छाटणीनंही तेच कोवळं पान येतं. सागाच्या कूपात मात्र गावाचा संबंध मजुरीपुरता आणि निस्तारापुरता, म्हणजे घरच्या गरजेच्या लाकूडफाट्यापुरता. कूप पाच वर्षं चराईला बंद, असा फलक लागतो. पण गावची ढोरं तोवर कुठं जायची, हे फलकावर नसतं. मग ती रात्री जातात. आणि ढोरांच्या तोंडी सगळ्यात आधी पडतो तो येन-तिवसाचा कोवळा फुटवा, साग नव्हे. सागाचं पान ढोरं सहसा खात नाहीत. जंगल मिश्रचं सागमय होण्यात या एका गोष्टीचा वाटा मोठा आहे. कोणता कूप कोणत्या वर्षी बंद आणि कोणता उघडा, याचा तक्ता कापणीच्या आधी ग्रामसभेत बसून ठरवला, तर राखणदार ठेवायची पाळी क्वचितच येते.

रायमुनियाबद्दल दोनच वाक्यं. वरून कापला तर तो दुप्पट फुटतो. मुख्य मूळ मातीच्या तीन-चार बोटं खाली तोडून, झुडूप उपटून, उलटं टांगावं लागतं, आणि मोकळ्या जागेवर त्याच पावसात देशी गवताचं बी फेकावं लागतं.

कापणी संपून तिसरा पावसाळा उलटला की कूपात पुन्हा एक फेरी करावी. हातात मार्किंगची वही. खुंटाखुंटाशी वाकून पालापाचोळा बाजूला केला, की बुडाचा ठसा अजून वाचता येतो. शेजारून आलेला फुटवा कमरेएवढा झालेला असतो, किंवा ढोरांनी कुरतडून वीतभर. क्रमांक ताडून पाहायचा, फुटव्यापुढे खूण करायची, पुढच्या खुंटाकडे जायचं. चुन्याचे पट्टे मात्र तोवर पावसानं धुऊन गेलेले असतात. ते त्याच फेरीत पुन्हा ओढायचे.